वरची बाजू

फ्रेमवाल्याने चित्र भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "बाई, वरची बाजू कुठली?"

"ही," चित्रकाराची बायको म्हणाली. "मी बसलेय. हे केस, हा खांदा."

"कुठले केस, वहिनी?" नणंदेने फ्रेम धरून खालचं वर केलं. "डोंगर आहे हा. तू यात कुठेच नाहीस."

फ्रेमवाला बुचकळ्यात पडला. सगळ्या कोळशाच्या रेघा. एकीकडून पाहावं तर बाई, दुसरीकडून पाहावं तर डोंगर, आणि नीट पाहायला जावं तर दोन्ही पसार. तीस वर्षांत त्याने एकही चित्र उलटं टांगलं नव्हतं. त्याची एक युक्ती होती. चित्रकार कागद भिंतीवर चिकटवून चित्र काढायचा. कोळशाची भुकटी खाली झरते, म्हणून जी कड जास्त काळी, ती खालची. तो वाकला. वरची कड काळी होती. खालचीही तितकीच काळी होती.

"साहेबांनी मध्येच कागद फिरवलाय," तो म्हणाला. "सही कुठे आहे?"

"सही चित्र पुरं झाल्यावर करायचे. हे काढता काढताच खाली कोसळले."

त्या गोष्टीला सात आठवडे झाले होते. चित्रकाराची वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. हे शेवटचं चित्र त्याच्या नजरेसमोर लागावं, एवढंच बायकोच्या मनात होतं. आणि त्यात आपण आहोत का, हेही तिला कळायला हवं होतं.

"त्यांनाच विचारू," ती म्हणाली.

"अगं, तो बोलतो कुठे?" नणंद म्हणाली, पण तीच पुढे होऊन आतल्या खोलीत गेली.

चित्रकार उजव्या कुशीवर, दाराकडच्या भिंतीला तोंड करून पडला होता. फ्रेमवाल्याने गुडघे टेकून चित्र त्याच्यासमोर धरलं.

"अहो, वर कुठली बाजू?"

बऱ्याच वेळाने चादरीतून डावा हात निघाला. त्याने फ्रेमचा कोपरा पकडला आणि ढकलला. चित्र आडवं झालं. मग हात खाली पडला.

"आडवं?" नणंद म्हणाली. "हे तर कुणीच म्हटलं नव्हतं."

हात थांबला की दमला, फ्रेमवाल्याला कळेना. बायको वाकली आणि नवऱ्याच्या उशीवर, त्याच्या डोक्याशेजारी गाल टेकला.

"वहिनी! लोक बघताहेत."

लोक म्हणजे फ्रेमवाला. तो मुकाट्याने छताकडे बघू लागला.

"दिसलीस का?" शेवटी नणंदेनेच विचारलं.

"मी आहे की नाही ते कळत नाही, वन्सं. पण इथून कुणीतरी बसलेलं दिसतं."

फ्रेमवाल्याने दाराकडच्या भिंतीवर, पलंगाच्या उंचीला खिळा ठोकला आणि चित्र तसंच आडवं टांगलं.

"येणाऱ्याजाणाऱ्यांच्या माना मोडतील," नणंद म्हणाली.

"मोडू देत."

घड्याळात चार वाजले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी चित्रकाराची कूस बदलावी लागे. दोघींनी मिळून त्याला डाव्या कुशीवर केलं. आता त्याचं तोंड खिडकीकडच्या भिंतीला आलं. ती भिंत कोरी होती. तो तिच्याकडेच बघत राहिला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक खिळा तिकडे मारतो," फ्रेमवाला म्हणाला. खिळा मारून त्याने चित्र त्या भिंतीवर टांगलं. बायकोने पुन्हा उशीवर गाल टेकला.

"नाही हो, मामा," ती फ्रेमवाल्याला म्हणाली. "आता त्या बसलेलीचं डोकं खाली गेलं."

त्याने चित्र फिरवलं. दुसऱ्या कडेलाही आकडा बसवला. चित्र सरळ लागलंय का ते बघायची पाणसळ त्याने पिशवीतून काढलीच नाही.

एकच काम राहिलं होतं. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे तो पेन्सिलीने 'वर' लिहून बाण काढत असे. चित्र पालथं करून तो बसला. पेन्सिल टेकली, उचलली, पुन्हा टेकली.

"बाई, बाण कुठे काढू?"

ती चादर नीट करत होती.

"उशीकडे काढा," ती म्हणाली.