विहिरी बुजवायचा हुकूम

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात प्रेमा पटकीने गेली. ती गेली त्याच दिवशी तिच्या नवऱ्यानं, आरोग्य अधिकारी दामोदरपंतांनी, मल्लेश्वरममधल्या सगळ्या विहिरी बुजवायचा हुकूम काढला.

शेजारचे कृष्णाजी विनवत राहिले, "अण्णा, स्वल्प थांबा. लेकीचं लग्न तोंडावर आलंय."

"लग्नाला नळाचं पाणी आणा."

महिना उलटल्यावर मुकादम बसवंत चाचरत म्हणाला, "साहेब, गडी तुमच्या परसातनं विहीर न बुजवताच परत परत माघारी येतात. लोक हसायलेत."



"पहाटे ती पाणी ओढते, बसवंता. रहाट ऐकू येतो. मी दार उघडलं की तो थांबतो."



जिच्या पाण्यानं प्रेमा गेली, ती एकच विहीर अजून बुजवायची राहिली आहे.