रेक्टरबाईंची नजर

मुलींच्या वसतिगृहातल्या रेक्टरबाईंच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नसे. हजेरी घेताना त्या रांगेपुढून जायच्या. बुटांना पॉलिश, मोजे घोट्याच्या वर, स्कर्ट गुडघ्याखाली, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. एवढं जुळलं की "हजर!" म्हणून पुढची. चेहऱ्याबद्दल नियमांत काही नव्हतं, त्यामुळे तिथे वेळ घालवायची गरज पडत नसे.

एका रविवारी, पालकांच्या भेटीची वेळ संपल्यावर, संध्याकाळच्या हजेरीला दहावीतली एक मुलगी कमी भरली. बाई शोधायला धावल्या. गच्ची, न्हाणीघरं, मागची विहीर, सगळं पालथं घातलं. फाटकावरच्या वॉचमनला तर त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं.

"आईशप्पथ मॅडम, गणवेशातली एकही पोर बाहेर गेली नाही," तो काकुळतीला येऊन सांगत होता.

तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन आला. पोरगी घरी पोचली होती, सुखरूप होती. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पारा चढला.

"द्या तिला फोन! काय गं, कोणी सोडलं तुला बाहेर?"

"तुम्हीच, मॅडम. मी पिवळा ड्रेस घातला होता, केस मोकळे सोडले होते. तुम्ही स्वतः मला फाटकापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, 'घरी सांगा, अगदी निश्चिंत राहा. आमची एकेका मुलीवर नजर असते.'



तेच सांगायला आलेय."