दुआ कुणाच्या नावानं

"वहीदुद्दीन विसरा आता, चाचा. अब्दुल मजीद म्हणा," रहीमनं बजावलं.

"अब्दुल मजीद," नूर महंमद म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले.

भडगावच्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाआधी खुतबा पढायचं, म्हणजे प्रवचन करायचं काम त्यांच्याच घराण्याकडे होतं. आजोबांनी पढवलेला खुतबा त्यांना तोंडपाठ होता. त्यात एका जागी राज्यकर्त्याच्या नावानं दुआ मागायची असते.

रहीम धुळ्याचा, लुगड्यांचा व्यापारी. खिलाफतीसाठी तुरुंगात जाऊन आलेला. भडगावच्या बाजाराला आला की आधी चाचांकडे. त्या दुआत खलिफाचंच नाव यावं, म्हणून तुर्कस्तानात खलिफा म्हणून कोण बसलं, हे त्यांना सांगणं त्यानं अंगावरच घेतलं होतं.

पण गादी स्थिर राहीना. खलिफा रशाद वारले, त्यांचे भाऊ वहीदुद्दीन बसले. आता तेही इंग्रजांच्या जहाजातून पळाले होते.

"मजीद त्यांचा मुलगा?"

"चुलतभाऊ! तिथं मुलगा बसत नाही, घराण्यात वयानं मोठा असेल तो बसतो. किती वेळा सांगू?"

"रागावू नको, बेटा. आलं ध्यानात."

रहीम चरफडत उठला. नाव पढवून होतंय तोवर शिळं होत होतं.

मग १९२४ चा मार्च आला. काजगाव स्टेशनवर टांगेवाल्या नथ्थूनं विचारलं, "काय जयं, रहीमभाऊ? तोंड उतरेल शे." रहीम टांग्यात चढून बसला. चाचांसमोर मात्र त्याचा बांध फुटला.

"खिलाफतच बुडाली, चाचा. तुर्कांनीच बुडवली. खलिफाला बायकामुलांसकट देशाबाहेर काढलं."

"मग आता वयानं मोठा कोण?"

"कुणी नाही! गादीच राहिली नाही!" तो ओरडला आणि मग रडायला लागला. "आम्ही कशासाठी तुरुंगात गेलो? तुम्ही तरी आता कुणाचं नाव घेणार?"

चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दुआ थांबत नसते, बेटा."

शुक्रवारी तो नेहमी धुळ्यात असे. या वेळी घरी जायचं मनच होईना. तो भडगावातच राहिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. चाचांनी नाव गाळलं तर ऐकवणार नव्हतं. घेतलं, तर ते खोटं होतं.

नूर महंमद काठी टेकत मिंबराच्या, प्रवचनाच्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढले. खुतबा संथ चालला. ती जागा आली.

म्हातारा अडखळला नाही. आजोबांनी पढवलं होतं तसंच, दिल्लीचे बादशहा बहादुरशहा यांना अल्लाहनं उदंड आयुष्य द्यावं, अशी त्यानं खड्या आवाजात दुआ मागितली आणि दर शुक्रवारी म्हणायची तसं सगळी मशीद म्हणाली, "आमीन."