वेदीवरचं कापड

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला पहिल्यांदाच आलेल्या तरुण आईच्या मांडीवरून बाळ निसटलं आणि रांगत थेट वेदीपाशी गेलं. बिस्किटाने चिकट झालेल्या मुठीत धरून त्याने वेदीवरचं पांढरं कापड ओढलं. पाळकसाहेबांनी डगमगता प्याला कसाबसा धरला. सगळ्यांच्या नजरा पहिल्या बाकावरच्या आजींकडे वळल्या. तीस वर्षं ते कापड धुऊन त्याला कडक इस्त्री त्याच करत होत्या. आईने मान खाली घालून पिशवी उचलली. अशाच एका रविवारी रडक्या नातवावरून आजींनी आपल्या लेकीवर डोळे वटारले होते. लेक उठून गेली, ती पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. आजी लगबगीने पुढे झाल्या आणि बाळाशेजारी फरशीवरच फतकल मारून बसल्या. “बस गं पोरी, कुठे निघालीस? पाळकसाहेब, तुमचं चालू द्या. आता मला उठवायला चार माणसं लागतील, तोवर बाळ खेळेल की.”