खुणेचा कॅन

जाळ्यांत अडकून आलेलं प्लॅस्टिक निवडता निवडता चांगुणाच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. बंदरावरच्या भट्टीत ते वितळवून त्याचं इंजिनाला चालणारं तेल निघायचं, ते गावच्याच होड्यांना मिळायचं.

धाकट्या दिराने टोपली ओतली आणि तिचा हात थांबला. जाळं तरंगत ठेवायचा जुना कॅन, त्यावर तांबडा मासा रंगवलेला. नवऱ्याच्या होडीची खूण. ती होडी गेल्या वर्षीच्या वादळातून परतलीच नव्हती.

“वहिनी, हा घरी ने,” दीर हळूच म्हणाला.

तिने पदराने शेवाळ पुसलं. “घरात तो कधी रमला का रे? सणालाही नजर बाहेरच.”

मग दमल्या हातांनी तिनेच कॅन भट्टीत सोडला. “तेल तुझ्या होडीत घाल. जाऊ दे त्याला दर्यावर.”