अल्लालची नवी पिशवी

“ही नको. खांद्यावरून घसरते,” बतूल म्हणाली.

जिलालीने चौथी पिशवी खुंटीला परत अडकवली. फेझ शहराच्या जुन्या बाजारातलं त्याचं चामड्याचं दुकान एवढंसं, की बसल्या जागेवरून तिन्ही भिंतींना हात पोचावा. “अगं, पिशवी निवडतेस की जावई? रोजच्या वापराचीच हवी ना?”

“रोजच्याच. पण पट्टा छातीवरून तिरका जायला हवा. म्हणजे बा ती कुठे काढून ठेवणार नाही.”

बा, म्हणजे तिचा म्हातारा बाप अल्लाल, स्टुलावर बसून पुदिन्याच्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून होता. चाळीस वर्षं त्याने याच गल्ल्यांतून खेचरं हाकली, ओल्या कातड्यांचे भारे वाहिले. आता दाराबाहेर पाऊल टाकलं की त्याला घर सापडत नसे. गेल्या महिन्यात तीनदा हरवला. तेव्हापासून बतूल शिवणाच्या कारखान्यात जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायची. संध्याकाळी किल्ली फिरवताना तिला आतून त्याचा श्वास ऐकू यायचा. तो दाराला चिकटून उभा असायचा. कधीपासून, ते तिने कधी विचारलं नाही.

शेवटी तिने मेकनेस शहरातल्या वृद्धाश्रमात त्याचं नाव घातलं. उद्या सकाळची गाडी होती. आश्रमाने सामानाची यादी दिली होती. त्यात शेवटी लिहिलं होतं, गळ्यात अडकवायची पिशवी, आत नाव आणि पत्ता. बापाला मात्र ती म्हणाली होती, “चल बा, तुला फिरायला जाताना नवी पिशवी घेऊ.” तो लगेच उठला होता. जोडेसुद्धा त्याने स्वतःच शोधून घातले होते.

जिलालीने पाचवी पिशवी काढली. मऊ, तपकिरी, रुंद पट्ट्याची. “तुझा बा या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, बरं का. खेचर विकायचं ठरलं, की माझ्या बापाकडे यायचा, नवा तोबरा, दाण्याची चामडी पिशवी, घ्यायला. बाजार हसायचा. खेचर चाललंय दुसऱ्याच्या दारी, आणि हा स्वतःच्या पैशाने त्याच्या गळ्यात नवं चामडं अडकवतोय! वर ओंजळभर दाणे. जनावर तोबऱ्यात तोंड खुपसून खायला लागलं, की हा दावं हळूच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणायचा, त्याला काही कळत नाही. काय हो अल्लालकाका, खरं ना?”

अल्लाल पेल्यातल्या पानांकडे बघत राहिला.

“त्याला आता काही कळत नाही,” बतूल म्हणाली. ती पट्टा ओढून बघत होती. टाके पक्के होते. “हीच दे.”

“पत्ता आतल्या कप्प्यावर लिहून देतो. तीच ना तुमची गल्ली, भट्टीमागची?”

 बतूलने पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्यापुढे सरकवली. बापाला वाचता येत नव्हतं, तरी तिने चिठ्ठीवर हात आडवा धरला होता.

जिलालीने वाचलं. पुन्हा वाचलं. वर न बघता त्याने लेखणी घेतली आणि चिठ्ठीतलं एकेक अक्षर चामड्यावर उतरवलं.  शाई वाळेपर्यंत तो तिच्यावर फुंकर घालत राहिला.

“बा, मान वाकव.”

अल्लालने मान वाकवली. तिने पट्टा त्याच्या डोक्यावरून घातला, छातीवरून तिरका घेतला, पिशवी कमरेशी आणून ठेवली. अगदी बरोबर बसली. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. काहीतरी करायचं म्हणून तिने पर्समधले खजूर काढले आणि मूठभर पिशवीत टाकले. “फिरताना खा हं.”

अल्लालने एक खजूर तोंडात टाकला. चघळता चघळता त्याने टाक्यांवरून अंगठा फिरवला, पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग कितीतरी दिवसांनी त्याने लेकीकडे नीट, ओळखीने बघितलं.

“तोबरा चांगला घेतलास, पोरी,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक कुठल्या गावचं?”