पैकीच्या पैकी

शाळेत माझी कॉपी पकडली गेली, त्याच संध्याकाळी आईचं मॉडेल पहिल्यांदा चाललं. आई औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठलं रसायन यकृताला बाधेल, हे कॉम्प्युटरनं आधीच ओळखावं, म्हणून ती पन्नाशीत कोडिंग शिकतेय. स्क्रीनवर निकाल आला: शंभर टक्के बरोबर! साहेबांना कळवायला फोन उचलत ती म्हणाली, “बघ, याला म्हणतात मेहनत. नाहीतर तू!” मी म्हटलं, “आई, पैकीच्या पैकी पडले म्हणूनच बाईंना माझा संशय आला.” तिनं डोळे वटारले, पण फोन ठेवून रसायनांचा तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात प्रत्येक रसायनापुढे उत्तर लिहिलेलं, आणि तोही रकाना मॉडेलला वाचायला दिलेला! तो काढल्यावर गडी अठ्ठेचाळीस टक्क्यांवर आपटला. कॉपी न करता मलाही तेवढेच पडतात. आई हळूच म्हणाली, “बाबांना सांगू नकोस.” “माझं की तुझं?” “दोघींचं.”